फँड्रीतला शेवटचा दगड नेमका कुणाला लागला?

मागच्या दोन भागांत आपण पातळ थरांची, म्हणजे आमच्या लॅबच्या भाषेत 'थिन फिल्म'ची जाडी कशी मोजतात ते बघितलं. या वेळी दुसऱ्या फिल्मबद्दल लिहितोय. वाचणाऱ्यांपैकी काहींना वाटेल की पोरगं पीएचडी सोडून पिक्चरकडे वळलं. तसं नाहीये. प्रश्न तोच आहे, फक्त मोजायची वस्तू बदललीय.

नागराज मंजुळेंचा 'फँड्री' 2013 चा. थिएटरात आला 14 फेब्रुवारी 2014 ला. त्याचा शेवट ज्याने बघितलाय त्याला सांगायची गरज नाही, पण ज्याने बघितला नाही त्याच्यासाठी थोडक्यात सांगतो. जब्या हा कैकाडी घरातला शाळकरी मुलगा. शालू नावाच्या वरच्या जातीतल्या मुलीवर त्याचा जीव. गावातली डुकरं पकडायचं काम त्याच्या बापाच्या, कचरूच्या गळ्यात पडतं आणि सगळ्या घराला त्याला जुंपावं लागतं. शाळेसमोर, गावासमोर, शालूसमोर. डुक्कर पकडलं जातं, काठीला बांधून नेलं जातं. बाबासाहेब, सावित्रीबाई यांची चित्रं असलेल्या भिंतीवरून ती वरात पुढे सरकते. टिंगल करत मागे लागलेल्या पोरांवर जब्या दगड उचलतो. शेवटचा दगड सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि चित्रपट संपतो.

बस. दहा वर्षं झाली, लोक अजून भांडतायत की तो दगड कुणाला मारला.

एक गट म्हणतो, कुणाला म्हणजे काय, समोरच्या टवाळ पोराला. कॅमेरा त्याच्या जागी ठेवलाय, एवढंच. दुसरा गट म्हणतो, तो आपल्याला मारलाय, बघणाऱ्यांना, बघ्या समाजाला. हे वाक्य तुम्ही इतक्यांदा ऐकलं असेल की आता ते परीक्षेतल्या उत्तरासारखं वाटतं. तिसरे म्हणतात ते बंड आहे, भिंतीवरच्या चित्रांतून हातात उतरलेलं. चौथे, आणि यांचं म्हणणं सहज उडवून लावण्यासारखं नाही, म्हणतात की ती हार आहे. भिंतीवर पुस्तकाचा, शिक्षणाचा रस्ता काढलाय आणि त्याच भिंतीपाशी पोराच्या हातात दगड येतो.

आणि मग हमखास कुणीतरी समजूतदार माणूस म्हणतो, "जाऊ द्या ना, ज्याचा त्याचा अर्थ." इथे माझं डोकं फिरतं. का, ते थिन फिल्मवरूनच सांगतो.

काचेवरच्या पारदर्शक थरावर प्रकाश टाकला की वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परत येणारे किरण एकमेकांत मिसळतात. त्यातून स्पेक्ट्रममध्ये चढउतार दिसतात. नुसतं ते चढउतार कुठे-कुठे येतात एवढंच बघितलं, तर जाडी वेगळी कळत नाही आणि अपवर्तनांकही वेगळा कळत नाही. कळतो तो दोघांचा गुणाकार. म्हणजे 300 नॅनोमीटर जाडीचा आणि 2 अपवर्तनांकाचा थर घ्या, किंवा 400 नॅनोमीटरचा आणि 1.5 चा घ्या, गुणाकार 600 च. चढउतार जागच्या जागी. एका मोजमापाला दोन उत्तरं, खरं तर कितीतरी.

पण म्हणून 'ज्याचा त्याचा थर' असं गाईडसमोर म्हणून बघा! ज्यांचा गुणाकार 600 येत नाही अशी सगळी उत्तरं सरळ चूक असतात. आणि उरलेल्यांतून निवडायचं असेल तर दुसरं मोजमाप घ्यायचं. चढउतारांची उंची मोजा, किंवा प्रकाश वेगळ्या कोनातून टाका. एका दृश्याचे अनेक अर्थ निघतात हे खरं, कितीही अर्थ निघतात हे खोटं. त्या एका शॉटकडे कितीही वेळा बघितलं तरी भांडण मिटणार नाही, कारण तो शॉट फक्त गुणाकार देतो. दुसरा कोन चित्रपटातच शोधावा लागेल.

तो शोधण्याआधी एक जुना प्रयोग सांगतो. 1951 मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत फुटबॉलचा सामना झाला. फार धसमुसळा खेळ. प्रिन्स्टनच्या स्टार खेळाडूचं नाक फुटलं, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला लावले. डार्टमथच्या संघाने केलेले नियमभंग प्रिन्स्टनच्या पोरांना डार्टमथच्या पोरांपेक्षा दुपटीहून जास्त दिसले. निबंध 1954 मध्ये छापून आला. लक्षात घ्या, या पोरांना मत विचारलं नव्हतं, मोजायला सांगितलं होतं. तरी आकडे वेगळे. कारण बघणारा कुठल्या बाकावर बसलाय हे मोजमापात आधीच शिरलेलं असतं.

आता दगडाकडे. 'दगड आपल्याला लागतो' या वाक्यात माझ्या मते अडचणीचा शब्द 'दगड' नाही, 'आपल्याला' आहे. हे 'आपण' कोण?

पुण्या-मुंबईच्या थिएटरातून बाहेर पडणाऱ्या माणसाने ते लिहिलं तर 'आपण' म्हणजे कोण, ते न सांगताही कळतं. पण मी नंदुरबार जिल्ह्यातला आहे. 2011 च्या जनगणनेत इथले जवळपास 69 टक्के लोक अनुसूचित जमातीचे आहेत. भिल, पावरा, कोकणा, मावची, तडवी. शहाद्याच्या एखाद्या वसतिगृहात लॅपटॉपभोवती वीस पोरं जमवून 'फँड्री' लावा, आणि मग 'आपल्याला' हा शब्द वापरून बघा. माझ्या एका मित्राने, धडगावकडचा आहे, शेवट झाल्यावर आमच्या अहिराणीत सांगितलं, "तो दगड माले लागनाच नही, भो." मला लागलाच नाही. वर म्हणाला, माझा तर हात दुखतोय.

विनोद म्हणून बोलला, पण वाचन म्हणून हे फार नेमकं आहे. तालुक्याच्या शाळेत ज्याला नावाने कमी आणि जमातीने जास्त हाक मारली गेली, तो पडद्याच्या या बाजूला बसलेला असला तरी दगडाच्या त्या बाजूला असतो. मका पिकला की माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं हाकलण्यात लहानपण गेलेल्या माणसाला दगड सुटतानाचा खांदा ओळखीचा असतो. समीक्षेने ज्याला 'प्रेक्षक' म्हटलं तो एका ठरावीक बाकावरचा प्रेक्षक होता. सगळ्यांच्या वतीने अपराधी वाटून घेण्यातही एक मालकी असते. 'बघा, आम्हाला लागला' असं म्हणत आपण पुन्हा गोष्टीच्या मध्यभागी जाऊन बसतो आणि जब्या कडेला राहतो.

मग पहिल्या गटाचं खरं मानायचं का? टवाळ पोराला मारला, विषय संपला? तेही पुरत नाही. कारण आता दुसरा कोन.

डुक्कर पकडण्याचा तो लांबलचक प्रसंग आठवा. त्यात एका ठिकाणी डुक्कर अगदी तावडीत आलेलं असतं आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी उभा राहतो. मग घरचेही उभे राहतात. डुक्कर मात्र उभं राहत नाही, ते निघून जातं. थिएटरात लोक हसतात, आणि हसू अर्धवट अडकतं. आता हे ध्यानात घ्या की 2014 साली महाराष्ट्रातल्या थिएटरात चित्रपट सुरू होण्याआधी राष्ट्रगीत लागायचं. म्हणजे जो प्रेक्षक दीड तासापूर्वी खुर्चीतून उठून ताठ उभा होता, तोच आता बसून जब्याला तसंच उभं असलेलं बघतोय. एकाच गाण्याला दोघं उभे राहिले, एकाचं काही गेलं नाही, दुसऱ्याची दिवसभराची मेहनत गेली. पडदा आणि खुर्ची यांच्यातली भिंत चित्रपटाने इथेच पाडलीय, दगडाच्या कितीतरी आधी. त्यामुळे शेवटी कॅमेऱ्याकडे आलेला दगड म्हणजे 'फक्त कॅमेऱ्याची जागा' असं म्हणता येत नाही.

आणखी एक कोन. जब्या चित्रपटभर गलोल घेऊन काळ्या चिमणीच्या मागे फिरतो, तिची राख शालूवर टाकली की ती वश होईल म्हणून. ती चिमणी त्याला मिळत नाही. म्हणजे हा नेम धरणारा मुलगा आहे, चिडून काहीही भिरकावणारा नाही. शेवटच्या दगडाला 'हार' म्हणणाऱ्यांनी हे मोजलेलं नाही असं मला वाटतं. चिमणीवरचा दगड जादूच्या भरवशावर होता. शेवटचा तसा नाही. त्याला बंड म्हणायचं का, यावर मी अडखळतो, कारण तो लागल्यावर गावात काय होईल ते चित्रपट दाखवत नाही, आणि अशा गावात काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

तुलनेसाठी 1903 चा 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' बघा. एडविन पोर्टरची बारा मिनिटांच्या आसपासची मूकफिल्म. तिच्यात डाकूंचा म्होरक्या थेट प्रेक्षकांवर पिस्तूल झाडतो. गंमत अशी की निर्मात्यांनी चित्रगृहवाल्यांना मोकळीक दिली होती, हा शॉट सुरुवातीला लावा नाहीतर शेवटी लावा. म्हणजे तो कथेला चिकटलेलाच नव्हता. दचकवायचं, एवढंच काम. मंजुळेंचा दगड उचलून सुरुवातीला लावून बघा मनातल्या मनात. काहीच उरत नाही. त्याचं सगळं वजन आधीच्या अर्ध्या तासातून येतं.

आणि त्या अर्ध्या तासात कॅमेरा कुठे होता? बराच वेळ बघ्यांमध्ये. भिंतीवर बसलेल्या, कडेला उभं राहून खिदळणाऱ्या गावाच्या बाजूला. धावणारं कुटुंब, घसरणारा बाप हे सगळं आपण त्या गर्दीतून बघतो, आणि ते विनोदी बांधलेलं आहे. हसू यावं असंच. पहिल्यांदा बघताना मीही हसलोय, थिएटरभर लोक हसत होते. म्हणून माझं वाचन असं की दगड 'समाजाला' मारलेला नाही आणि नुसत्या त्या पोरालाही नाही. तो त्या जागेला मारलाय, जिथून मघाशी हसणं सोपं होतं. त्या जागेवर जो बसला होता त्याला तो लागतो, मग त्याची जात कुठलीही असो. माझा मित्र त्या जागेवर बसलाच नसेल तर त्याला लागला नाही हे अगदी बरोबर. त्याचं उत्तर समीक्षकांच्या उत्तराविरुद्ध जात नाही, गुणाकार तोच आहे, त्याच्या थराची जाडी वेगळी आहे.

यावर एक आक्षेप मला स्वतःलाच सतावतो. हसणं हीच कसोटी धरली तर न हसलेला माणूस फार स्वस्तात सुटतो. गंभीर चेहऱ्याने पॉपकॉर्न खात बघणारा निर्दोष कसा? कचरू मानेच्या भूमिकेतला किशोर कदमांचा तो ओशाळा, लाचार चेहरा बघूनही ज्याला फक्त 'काय अभिनय आहे' एवढंच सुचलं, तो कुठल्या जागेवर बसला होता? याला माझ्याकडे तिसरं मोजमाप नाही अजून.

तुमच्याकडे असेल तर सांगा. पण त्याआधी एक करा, शेवटची तीस-पस्तीस मिनिटं आवाज बंद करून बघा आणि प्रत्येक शॉटला कागदावर फक्त एवढंच लिहा की कॅमेरा कुणाच्या शेजारी उभा आहे: कुटुंबाच्या, गावाच्या, शालूच्या, की कुणाच्याच नाही. शक्य असेल तर दोन वेगळ्या बाकांवरच्या माणसांनी वेगवेगळं लिहा आणि मग कागद जुळवून बघा. कुठल्या शॉटवर जुळत नाही ते मला जास्त हवंय.

पुढच्या भागात परत काचेवरच्या थरांकडे. चढउतारांच्या उंचीवरून अपवर्तनांक कसा काढतात ते राहिलंय.