वैद्यकीय पदार्थव्यवस्थांचे संयोजन आणि सुसंगतीचा निकष

जीववैद्यकातील भिन्न संज्ञासंग्रह एकत्र जोडण्याचा उद्योग, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९८६ साली एकीकृत वैद्यकीय भाषाप्रणालीची योजना हाती घेतली तेव्हापासून, अखंड चालू आहे. हे संग्रह आता शब्दांच्या नुसत्या याद्या राहिलेले नाहीत. कोणती जाती कोणत्या जातीत अंतर्भूत होते, कोणता अवयव कोणत्या अवयवीचा, हे त्यांपैकी अनेकांत तर्काच्या काटेकोर भाषेत सांगितलेले असते. म्हणून त्यांना ‘ऑन्टॉलॉजी’, म्हणजे पदार्थव्यवस्था, असे म्हणतात. अशा दोन व्यवस्थांचे संयोजन बरोबर झाले की नाही, हे कसे ठरवावयाचे? यावर सामान्यतः दिले जाणारे उत्तर असे की, यंत्राकडून अनुमाने काढवून घ्यावीत आणि विसंगती न आढळल्यास संयोजन ग्राह्य मानावे. हा निकष आवश्यक आहे यात शंका नाही. तो पुरेसा आहे, हा समज मात्र टिकणारा नाही.

निकषाचे सामर्थ्य कोठे आहे ते आधी पाहावे. फळमाशीच्या शरीररचनेत ‘टिबिया’ हे पायाच्या एका खंडाचे नाव आहे. मानवी शरीररचनेत तेच नाव नडगीच्या हाडाचे. नामसाम्यावरून दोन्ही एकच मानली, तर माशीच्या पायात हाड येते. पृष्ठवंशी आणि संधिपाद प्राणी परस्परांहून सर्वथा भिन्न आहेत असे विधान व्यवस्थेत केलेले असेल, तर या जोडणीतून निर्माण होणाऱ्या जातीत एकही व्यक्ती असू शकत नाही, हे यंत्र तत्काळ दाखवून देते. नैयायिकांनी लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. त्यांपैकी तिसऱ्याशी हा दोष अगदी मिळताजुळता आहे. तथापि यंत्राला दिसतो तो एवढा एकच; आणि तोही भिन्नत्वाचे विधान आधी कोणीतरी लिहून ठेवलेले असेल तरच.

अतिव्याप्तीचे काय होते, हे स्नोमेड सीटी या संग्रहाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. हा संग्रहच मुळी संयोजनातून जन्मला: अमेरिकेतील स्नोमेड आरटी आणि ब्रिटनमधील क्लिनिकल टर्म्स यांच्या एकीकरणातून तो २००२ साली सिद्ध झाला. त्यात तीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत. ड्रेस्डेनचे फ्रान्त्स बाडर आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ साली दाखवून दिले की, त्या वेळच्या आवृत्तीप्रमाणे ‘बोटाचा विच्छेद’ हा ‘हाताच्या विच्छेदा’चा एक प्रकार ठरत होता! या अनुमानामागील योजना मुळात अयुक्त नव्हती. बोट हाताचा भाग, म्हणून बोटाची जखम ती हाताची जखम, असे अनुमान निघावे यासाठी ‘हात अथवा त्याचा कोणताही भाग’ अशी एक व्यापक जाती कल्पिलेली होती. जखमेच्या बाबतीत ती योग्यच आहे. पण विच्छेदाची व्याख्या करतानाही ‘संपूर्ण हात’ या जातीऐवजी हीच व्यापक जाती वापरली गेली, आणि अवयवाचा धर्म अवयवीवर लादला गेला. बोटाला लागले असता ‘हाताला लागले’ असे मराठी माणूस सहज म्हणतो. बोट छाटले असता ‘हात छाटला’ असे कोणी म्हणत नाही. कोणत्या क्रियापदाबरोबर भागाचा धर्म पूर्णाकडे जातो आणि कोणत्याबरोबर जात नाही, हे भाषेला नेमके ठाऊक असते. व्याख्याकाराला येथे ते सुचले नाही आणि यंत्राला सुचणे शक्यच नव्हते. कारण नकार किंवा व्यावृत्ती सांगण्याची सोयच स्नोमेडच्या तर्कभाषेत ठेवलेली नव्हती. जेथे ‘नाही’ म्हणता येत नाही तेथे विरोध उत्पन्न होणार कसा? अशा व्यवस्थेची सुसंगती हा गुण नव्हे, ते केवळ मौन होय. हात गमावलेल्या रुग्णांची गणना अशा व्यवस्थेवरून केली, तर बोट गमावलेले रुग्णही तीत मोजले जातील, आणि व्यवस्था मात्र निर्दोष म्हणून मिरवेल.

ऑक्स्फर्डचे एर्नेस्तो हिमेनेझ-रुइझ, बर्नार्दो कुएंका ग्राऊ आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ साली सुसंगतीच्या जोडीला आणखी दोन तत्त्वे मांडली. त्यांपैकी महत्त्वाचे तत्त्व असे की, एकाच मूळ संग्रहातील दोन संज्ञांमध्ये पूर्वी नसलेला अंतर्भाव केवळ जोडणीमुळे उत्पन्न होऊ नये. हे पाऊल निःसंशय पुढचे आहे. परंतु त्यात मूळ संग्रह निर्दोष आहेत असे गृहीत धरलेले आहे. बोटाचा आणि हाताचा प्रमाद एकाच संग्रहाच्या पोटात होता. तो या तत्त्वाच्या जाळ्यातून सुखरूप निसटतो. उलट, एका संग्रहात राहून गेलेला खरा अंतर्भाव दुसऱ्याच्या साह्याने प्रथमच हाती आला, म्हणजे अव्याप्ती दूर झाली, तर तोच दोष म्हणून नोंदला जातो. दुरुस्तीची रीतही अशीच शंकास्पद आहे. विरोध नाहीसा होईल अशा बेताने कमीतकमी जोडण्या तोडाव्यात, हे धोरण गणिताला सोयीचे खरे; पण तोडलेली जोडणीच चुकीची होती की व्याख्या, हा प्रश्न संख्येने सुटणारा नाही.

भारत २०१४ साली स्नोमेडच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य झाला आणि त्यासंबंधीचे राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅक या संस्थेत आहे. त्यामुळे हा प्रश्न परका राहिलेला नाही. या संकल्पनांना मराठी संज्ञा जोडावयाच्या झाल्यास पहिली अडचण ‘हात’ या शब्दाचीच येईल. खांद्यापासून बोटांपर्यंतचा सारा अवयव तो हात, आणि मनगटापुढचा भागही हातच. ‘बाहू’ आणि ‘पंजा’ अशी वाटणी कागदावर करता येते. परंतु रुग्णाच्या तोंडून आलेला ‘हात’ या दोहोंपैकी कोणत्या संकल्पनेखाली नोंदवावयाचा, हे नोंद करणाऱ्यालाच दर वेळी ठरवावे लागेल. आणि त्याने कोणतीही निवड केली, तरी यंत्राला तीत विसंगती आढळणार नाही.