तासिका तत्त्वावरचा भीम

नाटकावर टीका होते, गाण्यावर होते, दिवाळी अंकातल्या कवितेवर तर न वाचताही होते. पण व्यायाम शिकवणाऱ्या माणसाकडे टीकाकाराच्या नजरेनं कुणी पाहत नाही. वास्तविक तो रोज सकाळी दोन प्रयोग करतो, स्वतःच्या घामानं करतो, आणि प्रेक्षक पैसे मोजून वर दमून घरी जातात. असला नट आमच्या रंगभूमीलाही लाभलेला नाही! तेव्हा ही उणीव आपणच भरून काढावी म्हणून आम्ही दारव्ह्यातल्या एका 'बुटिक फिटनेस'चे सलग आठ प्रयोग पाहिले. अर्थात खुर्चीवर बसून. टीकाकारानं स्वतः नाचायचं नसतं.

दारव्हा म्हणजे जंक्शन. मोतीबागेच्या स्टेशनाला तसं नावच आहे. मूर्तिजापूर–यवतमाळची अरुंद रुळांची शकुंतला इथं थांबायची; ती आता धावत नाही, जंक्शनपण मात्र नावात शिल्लक आहे. अशा गावात कुणी रूळ बदलला तर आश्चर्य वाटू नये. पण आमच्या ओळखीच्या एका मराठीच्या प्राध्यापकानं कॉलेज सोडून व्यायामाचा क्लास काढला, तेव्हा चहाच्या टपरीपासून कापसाच्या मार्केटापर्यंत एकच सवाल, "काहून बा?"

काहून ते सांगतो. हे प्राध्यापक 'तासिका तत्त्वावर'चे. म्हणजे एम.ए. व्हायचं, नेट पास व्हायचं, आणि जितके तास घ्याल तितक्याच तासांचे पैसे. तेही बिल वर जाऊन, सह्या होऊन, सवडीनं खाली उतरेल तेव्हा. उन्हाळ्यात तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत. भूक तेवढी कायम सेवेतली. नऊ वर्षं त्यानं असं अलंकार आणि वृत्तं शिकवण्यात काढली. आता क्लासचंही गणित तासावरच आहे. फरक इतकाच, की इथं विद्यार्थी येतात.

बरं, अध्यापक व्यायामाकडे वळला हे काही आक्रीत नव्हे. अमळनेरच्या राष्ट्रीय कॉलेजचे प्राचार्य ज. ग. गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढून आसनं-प्राणायाम यंत्रांनी तपासू लागले. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी तर चक्क राजे. त्यांनी गादीवर बसूनच साऱ्या संस्थानाला सूर्यनमस्कार घालायला लावले! इकडे अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा सुरू केला, त्याचंच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं, आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या चमूनं हुतुतू, मल्लखांब साहेबाला दाखवला. आणि आज ज्याच्या नावानं शहरात भलीमोठी फी आकारतात, तो जोसेफ पिलाटीस पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या नजरकैदेत होता आणि सोबतच्या कैद्यांकडून व्यायाम करून घेत होता. गिऱ्हाईक पळून न जाण्याची इतकी उत्तम सोय पुढे कुठल्याच क्लासला झाली नाही.

आता प्रयोगाकडे वळू. पहिला दोष पाटीचा. बुटिक हा शब्द फ्रेंच, अर्थ लहानसं दुकान. पण दारव्ह्यात बुटिक म्हणजे ब्लाउज शिवायची जागा. त्यात पुढे 'फिटनेस'. पहिल्या आठवड्यात तीन बायका ब्लाउज घेऊन आल्या. "बाही जरा ढिली करून द्या जी." यानं शांतपणे सांगितलं, "काकू, ब्लाउज राहू द्या, बाहीतला दंडच कमी करू." तिघींपैकी दोघी अजून येतात. मराठी गद्यातली इतकी नेमकी कोटी आम्ही अलीकडे वाचलेली नाही.

दुसरा दोष भाषेचा, आणि तो गंभीर आहे. स्पीकर लागला की ह्या गृहस्थाच्या अंगात कुणीतरी परदेशी संचारतो. "कमॉन गाईज! फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट!" गाईज कोण? तर समोर सहा काकू, एक निवृत्त तलाठी आणि गुडघेदुखीवाल्या आजी. आणि मोजणी पाचापासून का? आधीचे चार कुठल्या खात्यात जमा झाले? नाचाच्या मास्तरांत तशी रीत आहे हे मान्य. पण आजी बिचाऱ्या त्या चारांची वाट पाहत उभ्या राहतात आणि सगळा वर्ग पुढे निघून जातो.

मात्र वीज गेली की खरा कलावंत दिसतो. आणि वीज जाते, हे महावितरणचे उपकार. गाणं बंद, गाईज बंद. मग तो एकेकाजवळ जातो. "काकू, कंबरेतून वाका, मानेतून नोका वाकू." "भाऊसाहेब, श्वास सोडा, धरून कोणाले देता?" आजींचा कोणता गुडघा दुखतो, तो कोणत्या पायरीवर कुरकुरतो, हे त्याला ठाऊक. सूर्यनमस्कार तर तो कवितेसारखा शिकवतो. आधी अन्वय, मग अर्थ, मग चाल. नऊ वर्षं रिकाम्या बाकांपुढे जे बोलणं वाया गेलं, ते इथं कामी येतं. आमचं स्पष्ट मत आहे की त्यानं तो स्पीकर विकून टाकावा.

धंद्याचं म्हणाल तर फीचा जमाखर्च पऱ्हाटीशी बांधलेला. "कापूस विकला की देतो" हे वाक्य त्याला कॉलेजातल्या "ग्रँट आली की देतो"पेक्षा बरं वाटतं. कापूस निदान डोळ्यांना दिसतो. लग्नसराईत वर्ग ओस पडतो आणि लग्नसराई संपली की दुप्पट भरतो. जिलबीचा हा राष्ट्रीय उपयोग कुणी लक्षात घेतलेला नाही.

अडलंय ते एकाच ठिकाणी. तासिका तत्त्वावर का होईना, तो प्राध्यापक होता आणि लग्नाच्या बायोडेटात तसं लिहिता येत होतं. गेल्या महिन्यात यवतमाळहून पाहुणे आले. मुलीच्या वडलांनी विचारलं, "मुलगा करतो काय?" आई म्हणाली, "शिकवतो." "काय शिकवतो?" आईनं चहा आणायला म्हणून आत पाऊल टाकलं. मुलीनं मात्र मान वर करून त्यालाच विचारलं, "सकाळची बॅच किती वाजताची असते?"

पाहुण्यांचा निरोप अजून यायचाय.