दिवंगतांचे निर्मातेपद : श्रेयनामावलीच्या वाचनाविषयी काही विचार

चित्रपटाची श्रेयनामावली ही अभ्यासकाने पुरावा म्हणून स्वीकारावी काय, हा प्रश्न आपल्या समीक्षेत सहसा विचारला जात नाही. नामावली उतरवून घ्यावयाची आणि तिच्या आधारे कर्तृत्वाचा निर्णय करावयाचा, हाच सोपा मार्ग वाटतो. परंतु तीत कधीकधी अशी नावे आढळतात, की ज्यांचे धनी ती कृती पूर्ण होण्यापूर्वी, किंबहुना आरंभिली जाण्यापूर्वीच, निवर्तलेले असतात. दिवंगत व्यक्ती निर्माता कशी असू शकेल? या प्रश्नास एक उत्तर नाही. उत्तरे तीन आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की विवेचन बिघडते.

पहिले उत्तर प्रत्यक्ष श्रमाचे. ‘द रीडर’ (२००८) या चित्रपटाचे दोन निर्माते अँथनी मिंगेला आणि सिडनी पोलॅक हे अनुक्रमे मार्च व मे २००८ मध्ये, म्हणजे चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, मरण पावले. ऑस्कर पुरस्कारासाठी एका चित्रपटाचे तीनच निर्माते ग्राह्य धरावयाचे, असा अकादमीचा नियम असता, या चित्रपटापुरता अपवाद करून चौघांचीही नावे नामांकनात घेण्यात आली. येथे नाव हे झालेल्या कामाची नोंद आहे; मृत्यूने ती खोटी ठरत नाही.

दुसरे उत्तर कराराचे. ‘द सिम्पसन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या घडणीत सॅम सायमन यांचा मोठा वाटा होता. १९९३ मध्ये ते मालिकेतून बाहेर पडले, तथापि कार्यकारी निर्माता हे पद व उत्पन्नातील हिस्सा त्यांनी कराराने राखून ठेवला. ८ मार्च २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. नाव त्यानंतरच्या भागांवरही राहिले. हे नाव त्या त्या भागातील कामाचे निदर्शक नव्हे. ते एका जुन्या हक्काचे निदर्शक होय.

तिसरे उत्तर आपल्या मुंबईत सापडते. टी-सिरीजचे संस्थापक गुलशन कुमार यांची १२ ऑगस्ट १९९७ रोजी मुंबईत हत्या झाली. त्यानंतर या संस्थेच्या अनेक चित्रपटांच्या अग्रभागी ‘गुलशन कुमार सादर करतात’ अशा अर्थाचे शब्द येत राहिले. निर्माते म्हणून मात्र पुत्र भूषण कुमार व बंधू कृष्ण कुमार यांची नावे येतात. क्रियापद वर्तमानकाळाचे, कर्ता मात्र दिवंगत! यावर कोणी म्हणेल, की नांदगाव पेठेत काय किंवा अमरावतीत काय, दुकानाच्या पाटीवर आजोबांचे नाव असले म्हणून कापड आजोबाच मोजून देतात असे गिऱ्हाईक समजत नाही. आक्षेप रास्त आहे. ‘सादर करतात’ ही पेढीची पाटी आहे आणि तिच्यात कृतज्ञताही आहे. परंतु कलाकृतीवरील नावातून वाचक हेतू, दृष्टी आणि जबाबदारी वाचतो. कापडाच्या बाबतीत तसे घडत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे कृतीसाठी पुढाकार व जबाबदारी घेणारी व्यक्ती, असे मानले आहे. मृत्यूनंतर हक्क वारसाकडे जातो. जबाबदारी दिवंगताकडे राहू शकत नाही. म्हणून ‘सादरकर्ता’ आणि ‘निर्माता’ यांतील भेद हा केवळ शब्दांचा भेद नव्हे.

असा भेद कसा राखावा, हे शिकण्यास वऱ्हाडकरास दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा शिष्यांच्या आठवणींतून मिळविल्या व ग्रथित केल्या. स्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नव्हता. तरीही ‘लीळाचरित्र’ स्वामींच्या नावावर चढविले गेले नाही. वचने स्वामींची, संकलन म्हाइंभटांचे, हा विवेक कायम राहिला. पुढे केसोबासांनी त्यातून स्वामींची वचने निवडून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला, तेव्हा निवड करणाराचे नावही परंपरेने जपले. मूळ पोथी नष्ट झाल्यावर जे पाठ सिद्ध झाले, त्यांतील एक आजही हिराइसेच्या नावाने ओळखला जातो. गुरूविषयीची श्रद्धा आत्यंतिक होती. परंतु त्या श्रद्धेपायी लेखणी धरणारा हात झाकला गेला नाही.

चित्रपटाच्या अभ्यासात हानी होते ती नेमकी येथे. दिवंगताचे नाव अग्रभागी आले म्हणजे त्याचा सन्मान होतो, पण ज्यांनी त्या वर्षी प्रत्यक्ष निर्णय घेतले त्यांचे गुण आणि दोष दोन्ही त्या नावाआड जातात. प्रशंसा चुकीच्या व्यक्तीस पोहोचते, आणि टीकेला उत्तर देण्यास तर कोणीच उरत नाही. म्हणून प्रबंधकाराने अशा नावापुढे मृत्यूचे वर्ष नोंदवावे, नाव श्रमाचे आहे, कराराचे आहे की पेढीचे आहे, हे ठरवावे, आणि मगच कर्तृत्वाविषयी विधान करावे. नाव पुसण्याचे कारण नाही. ते कशाचे नाव आहे, एवढे सांगणे समीक्षकाचे काम आहे.