दातांच्या खुणा

जुन्या पाइपांच्या दुरुस्तीचे व्हिडिओ हा आता एक स्वतंत्र कलाप्रकार झाला आहे, तेव्हा त्याची समीक्षाही व्हायला हवी. त्याची रचना ठरलेली असते. सुरुवातीला हिरवट पडलेल्या दांडीचा, राखेने तुंबलेला पाइप. शेवटी मेण लावून चमकवलेलं लाकूड. मधली वीस मिनिटं फक्त हात दिसतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तंबाखू ओढत नाही, तरी माझ्याकडे अर्धा डझन जुने पाइप आहेत आणि हे व्हिडिओ मी आवडीने पाहतो. तेव्हा पुढचा आक्षेप घरातलाच आहे असं समजावं.

आधी कारागिरीला दाद. ब्रायर म्हणजे भूमध्य सागराच्या आसपास वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ. तिचं लाकूड उष्णता सोसतं, म्हणून फ्रान्समधल्या सँ-क्लोद गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्याचे पाइप घडू लागले. दांडी बहुधा व्हल्कनाइटची, म्हणजे गंधक मिसळून कडक केलेल्या रबराची. ऊन आणि हवा लागून ती हिरवट-तपकिरी होते. तंबाखू भरायच्या वाटीत कोळशाचा थर जमतो. तो थोडा हवाच, कारण त्यामुळे आतलं लाकूड जळत नाही. पण जाड झाला की तापून फुगतो आणि वाटीला तडा देतो. म्हणून जाणता माणूस नाण्याच्या जाडीइतका थर ठेवून बाकीचा खरवडतो, धुराची वाट स्पिरिटने धुतो. पाइप पुन्हा वापरता यावा, फुटू नये, यासाठी एवढं काम लागतंच. ही दुरुस्ती, आणि तिच्याशी माझं भांडण नाही.

चमत्कारिक घडणीच्या पाइपांत तर ती अभियंत्याची मेजवानीच असते. सिएटलच्या विद्यापीठात विमानविद्या शिकवणाऱ्या फ्रेडरिक किर्स्टन यांनी धूर निववण्यासाठी अॅल्युमिनियमची नळी असलेला पाइप काढला. फाल्कन पाइपची लाकडी वाटी धातूच्या दांडीवरून आटे फिरवून काढता येते. अशा वस्तू उघडाव्यात, साफ कराव्यात, पुन्हा जोडाव्यात, यासाठीच जणू त्या बनलेल्या आहेत.

भांडण सुरू होतं ते पुढच्या टप्प्यावर. दांडीच्या टोकाला वर्षानुवर्षं चावून पडलेल्या दातांच्या खुणा असतात. व्हल्कनाइटला मंद आच दिली की ते साच्यातल्या मूळ आकाराकडे परत जाऊ लागतं, आणि खुणा आपोआप वर येतात. उरलेल्या खाचा काळ्या गोंदाने भरून घासल्या की दांडी कोरी. त्याच व्हिडिओत थोडं आधी मात्र दुरुस्ती करणारा लाकडावरच्या कंपनीच्या ठशाभोवती जपून चिकटपट्टी लावतो, कारण घासताना तो ठसा पुसट झाला तर पाइपची किंमत उतरते. म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचं नाव जपायचं आणि तीस वर्षं ओढणाऱ्या माणसाचे दात पुसायचे. हे संपादन आहे, आणि ते कोणाच्या बाजूने चाललं आहे ते उघड दिसतं.

यावर उत्तर मिळतं, की आम्ही फक्त घाण काढतो. पण घाण कोणती आणि खूण कोणती, हे वस्तू स्वतः सांगत नाही. बिदरी हुक्क्याचं उदाहरण घ्या. जस्ताच्या मिश्रधातूत चांदी जडवायची आणि मग बिदरच्या किल्ल्यातली माती क्षारात कालवून धातू काळा करायचा, अशी ती कला. तो काळेपणा कारागिराने मुद्दाम आणलेला असतो. ‘मूळची चमक’ आणायला कोणी त्याला पॉलिश केलं, तर हुक्का उजळेल आणि बिदरीकाम मरेल.

हुक्क्याची दुसरी गत संग्रहालयांत होते. जगभरच्या मोठ्या संग्रहालयांत दख्खनी हुक्क्यांची बुडं कपाटात ठेवलेली असतात. वर चिलीम नाही, नळी नाही. निम्मं यंत्र फुलदाणीसारखं उभं. पाटीवर शतक असतं, गाव असतं, धातू असतो. हुक्का भरणारा, निखारे ठेवणारा हुक्काबरदार नसतो. पुण्याच्या केळकर संग्रहालयाचं मोल मला इथे कळतं. चष्म्यांचा व्यवसाय करणारे आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या, दौती अशा घरातल्या वस्तू जमवल्या आणि 1975 मध्ये सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. अडकित्ता कितीही नक्षीदार असो, सुपारी फोडणारा हात त्याच्यापासून तोडता येत नाही. संग्रहाने एवढं तरी करावं: वस्तू दाखवताना माणूस लपवू नये.

ही कसोटी आमच्या भंडारा जिल्ह्यात आणली की ती बोचू लागते. पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव नावाजलेलं, आणि तेंदूपानामुळे बिडीचाही हा मुलूख. पण बिडी ही संग्राहकाची मोठी पंचाईत आहे. ती स्वतःच पाइप आणि स्वतःच तंबाखू. ओढून झाली की मागे वस्तू उरत नाही. उरतात ती बंडलावरची रंगीत लेबलं. ती जमवणारे आहेत, आणि ती सुंदर असतात यात शंका नाही. त्यांच्यावर मालकाचं नाव असतं, चित्र असतं. मांडीवर सूप घेऊन, पान कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून हजारामागे मजुरी घेणाऱ्या बाईची खूण त्यावर नसते. पुन्हा तेच: ठसा राहिला, दात गेले.

तंबाखू हे विष आहे, आणि त्या विषाची धूळ बिडी वळणारीच्या छातीतही जाते. म्हणूनच मला या चकचकीतपणाची भीती वाटते. कोऱ्या दांडीच्या, मेणाने उजळलेल्या पाइपमध्ये कोणाचा खोकला ऐकू येत नाही. तो फक्त देखणा जुना काळ होऊन बसतो.

माझ्या धंद्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते: कोणी, केव्हा, काय आणि का बदललं. पाइप दुरुस्त करणाऱ्याकडून मी एवढंच मागेन. राख काढा, वाट मोकळी करा, तडा सांधा. पण जे पुसाल त्याचं छायाचित्र पाइपसोबत ठेवा, आणि दातांच्या खुणांनी दांडी फुटणार नसेल तर त्या राहू द्या. आणि आमच्याकडे कोणी संग्रह उभारायचं ठरवलं, तर लेबलांच्या शेजारी एक झिजलेलं सूप आणि पान कापायची कात्री मांडावी. पॉलिश न करता.