‘96 टक्के परत’ म्हणजे नक्की कोणाला परत?

मागच्या पावसाळ्यात कासारसाई धरणावर कणीस खात उभा होतो. हिंजवडीत शिफ्टची कॅब चालवणारा ओळखीचा मुलगा भेटला. मोबाईलवर स्लॉटचा खेळ चालू होता. मी काही बोलायच्या आत त्यानेच स्क्रीन पुढे केली. “दादा, हे फसवं नाही. लिहिलंच आहे बघा, आरटीपी 96 टक्के. शंभरातले 96 परत.”

तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर या एका वाक्याची चिरफाड करून बघा. आकडा कदाचित खरा असेल. तरीही त्यातून निघालेला अर्थ चुकीचा आहे, आणि चूक त्या मुलाची नाही.

पहिला प्रश्न : 96 टक्के कशाचे? आरटीपी म्हणजे ‘रिटर्न टू प्लेअर’. हे प्रमाण तुम्ही खात्यात भरलेल्या पैशाचं नसतं, लावलेल्या एकूण पैशाचं असतं. 500 रुपये भरले, दर डावाला 10 लावले, मिनिटाला 10 डाव झाले, तर तासाभरात 6,000 रुपये लावून होतात, कारण जिंकलेलं पुन्हा लावलं जातं. त्याचे 4 टक्के म्हणजे 240. पैसे मध्येच संपले नाहीत असं धरलं, तर सरासरीने 500 चे 260 उरतात. मुलाच्या डोक्यात मात्र 480 होते.

दुसरा प्रश्न : सरासरी कोणाची? आपल्याकडच्या ऊसवाल्याला हे शिकवावं लागत नाही. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी टनाला 3,550 रुपये आहे, ती 10.25 टक्के उताऱ्याला. हा उतारा अख्ख्या कारखान्याचा, तुमच्या फडाचा नाही. आरटीपीचंही तसंच आहे. ती सगळ्या खेळणाऱ्यांच्या सगळ्या डावांची सरासरी आहे. फरक इतकाच की उताऱ्याकडे बघायला पुण्यात साखर आयुक्तालय बसलेलं आहे आणि वजनकाटा वैधमापनवाल्यांना तपासता येतो. मोबाईलमधला काटा कोण तपासणार?

आता तुलनेसाठी मटका घ्या. 1960 च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या नावांनी मुंबईत वाढलेला हा धंदा बेकायदा होता आणि त्याने घरं बुडवली, यात वाद नाही. पण त्याचा भाव सगळ्यांना माहीत असायचा. एका आकड्याला 9 पट, जोडीला 90 पट. आकडे दहा, जोड्या शंभर. आकडा प्रामाणिकपणे निघत असेल, तर शंभरातले 90 परत हा हिशोब गिरणी कामगारही पानाच्या टपरीवर उभ्या उभ्या करू शकायचा. स्लॉटमध्ये हे जमत नाही. पडद्यावर चिन्हं दिसतात, पण कोणतं चिन्ह किती वेळा येणार हे दिसत नाही. इंगे टेल्नेस यांच्या 1984 च्या अमेरिकन पेटंटपासून दिसणारं चाक आणि हिशोबातलं चाक वेगळं ठेवता येतं. म्हणजे मटक्यात निदान भाव उघडा होता. इथे भावही विक्रेत्याच्या शब्दावर घ्यायचा.

“मग आपणच खेळून मोजू,” असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. माझ्या पहिल्या आराखड्यात ‘1,000 डावांची नोंद’ अशी ओळ होती. मार्गदर्शकांनी शेजारी पेन्सिलीने एवढंच लिहिलं : “आणि चूक किती?”

मटक्याच्या जोडीवरच करून बघा. 1,000 वेळा लावली तर सरासरी 10 वेळा लागेल. पण 4 वेळा किंवा 16 वेळा लागणंही सहज शक्य आहे. 4 लागल्या तर परतावा 36 टक्के, 16 लागल्या तर 144. खेळ तोच, भाव तोच. परतावा दोन टक्क्यांच्या आत मोजायचा तर जवळजवळ 8 लाख डाव हवेत. मिनिटाला 10 धरले तरी तेराशे तासांहून जास्त. मोठ्या जॅकपॉटच्या स्लॉटला याहूनही अधिक. थोडक्यात, खेळणाऱ्याला स्वतःच्या अनुभवावरून 96 आणि 92 मधला फरक कधीच कळणार नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण एकाच खेळाच्या वेगवेगळ्या आरटीपीच्या आवृत्त्या असतात आणि कोणती चालवायची हे साईटवाला निवडू शकतो. प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र सांगतं की तपासलेली आवृत्ती ठीक आहे. तुमच्यासमोर तीच चालू आहे, हे सांगत नाही.

मग संशोधकांनी काय केलं? कॅनडात हॅरिगन आणि डिक्सन यांनी ऑन्टारियोच्या माहिती कायद्याखाली मशीनची गणिताची कागदपत्रंच मागवली. 2009 च्या त्यांच्या लेखात दिसलं की बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या मशीनचा परतावा वेगवेगळा असू शकतो. लाख डाव खेळण्यापेक्षा एक अर्ज भारी पडला. पद्धतीचा हा धडा वहीत लिहून ठेवा.

दुसरं काम न्यूऑल, वालासेक आणि लुडविग यांचं, 2020 चं. ‘90 टक्के परत देतो’ आणि ‘10 टक्के ठेवून घेतो’ ही एकाच गोष्टीची दोन वाक्यं. दुसरं वाचणाऱ्यांना जिंकण्याची शक्यता कमी वाटली. माझा आक्षेप इथे एवढाच : शक्यता कमी ‘वाटणं’ आणि हात आवरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे लेबल बदललं की काम झालं, असा निष्कर्ष काढू नका. ब्रिटनने 2021 मध्ये लेबलापलीकडे जाऊन ऑनलाईन स्लॉटचा डाव किमान अडीच सेकंदांचा केला आणि लावल्यापेक्षा कमी मिळालं तरी जिंकल्यासारखं वाजवणं बंद केलं. वरच्या 240 रुपयांच्या हिशोबात वेग किती मोठा घटक होता, ते आठवा.

आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा झाला. जे बंद, त्याची आरटीपी कोणी जाहीर करून घेत नाही. बाहेरच्या साईट तरीही फोनवर उघडतात आणि तिथे आपला माहिती अधिकाराचा अर्ज पोचत नाही. बंदी चूक की बरोबर, हा वेगळा वाद. पण बंदीमुळे काट्याचा प्रश्न सुटला नाही, नजरेआड झाला, एवढं मी म्हणेन.

तेव्हा ‘ऑनलाईन स्लॉट प्रामाणिक आहेत का?’ असा विषय घेऊन गाईडकडे जाऊ नका. तो बाहेरून मोजता येत नाही, आणि मोजण्यासाठी पैसे लावून खेळणं तर नकोच. ‘96 टक्के परत हे वाक्य वाचून लोक 500 चे किती उरतील असं समजतात?’ हे विचारा. कागद-पेन लागेल, नीतिसमितीची मंजुरी लागेल, आणि उत्तर खरंच मिळेल.

त्या मुलाला मी तिथेच 260 चा हिशोब करून दाखवला. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “मग असंच लिहायचं ना त्यांनी.” माझ्या आराखड्याचं पहिलं वाक्य आता हेच आहे.