विशेष्यावाचून विशेषण : ‘९० टक्के’

‘हे संयंत्र धुरातील ९० टक्के कार्बन डायऑक्साइड पकडते’, असे विधान वारंवार वाचावयास मिळते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. अर्थदृष्ट्या मात्र अपुरे. कोणत्या धुरातील? संयंत्रात शिरलेल्या, की धुराड्याने वर्षभर सोडलेल्या? ‘९० टक्के’ या विशेषणाचे खरे विशेष्य अध्याहृतच राहते.

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात बाउंडरी डॅम येथील कोळशाच्या वीजकेंद्रात, तिसऱ्या संचावर, असे संयंत्र ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झाले. उद्दिष्ट ९० टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे १० लाख टन वायूचे होते. पहिल्या वर्षी त्याच्या निम्माही वायू हाती लागला नाही. धुरातील सूक्ष्म राख अमाईनच्या द्रावणात मिसळे, द्रावण बिघडे आणि संयंत्र थांबवावे लागे. संयंत्र थांबले तरी धूर थांबत नाही. शिवाय पकडलेला बराचसा वायू खनिज तेल काढण्यासाठी विकला गेला. ‘पकडणे’ हे क्रियापद तेही झाकून ठेवते.

याउलट नॉर्वेत मोंगस्टाड येथे २०१२ मध्ये उघडलेल्या चाचणी केंद्राने एका सर्वपरिचित अमाईनवरील चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नव्या द्रावणांची तुलना करण्यास त्यामुळे एक जाहीर माप मिळाले.

हे तंत्र त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. सिमेंटच्या भट्टीत चुनखडीतूनच वायू निघतो. तेथे केवळ इंधन बदलून भागत नाही. म्हणूनच प्रत्येक टक्केवारीबरोबर तिचा कालावधी आणि भाजक सांगितला गेला पाहिजे. त्यावाचून सुधारणा झाली की नाही, हे ठरविताच येणार नाही.