महाकाली दरवाजा, नरनाळा
अकोला जिल्ह्यातील (महाराष्ट्र) नरनाळा किल्ल्याचे अलंकृत दगडी प्रवेशगृह. अकोटच्या उत्तरेस सातपुड्याच्या गाविलगड रांगेत हा किल्ला असून हिवरखेड–अकोट पट्ट्याचा सपाट काळा मुलूख त्याच्या पायथ्याशी पसरलेला आहे. शिलालेखानुसार बहमनी सुलतान शहाबुद्दीन महमूदशाह (कार. १४८२–१५१८) याच्या अमदानीत फतहुल्ला इमाद-उल्-मुल्क याने हिजरी ८९२ मध्ये (इ. स. १४८७) हा दरवाजा बांधला. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.

वऱ्हाडातील नेहमीचा दगड काळा बेसाल्ट. हा दरवाजा मात्र फिकट वालुकाश्मात घडविलेला आहे. मऊ दगडामुळे नाजूक कोरीवकाम साधले. कमानीच्या खांद्यांवर कमळे, वर अरबी लेखांची पट्टी, भरदार कंगोरा आणि दर्शनी भागातून पुढे आलेले जाळीदार सज्जे अशी त्याची मांडणी आहे. जाळ्यांच्या नक्षीत पुनरुक्ती जवळजवळ नाही, हे कारागिरांचे खरे यश होय. आतील दोन्ही अंगांस पहारेकऱ्यांसाठी ओवऱ्या व खोल्या आहेत. त्यामुळे ही केवळ वेस न राहता राहती वास्तू झाली आहे.

संरक्षणाच्या दृष्टीने मात्र ही रचना सदोष म्हणावी लागते. पुढे काढलेले सज्जे आणि पातळ जाळ्या तोफेच्या माऱ्यापुढे टिकणाऱ्या नव्हेत. शत्रू येथवर पोहोचण्यापूर्वीच खालच्या दरवाजांनी व कड्यांनी त्याला अडवावे, असे गृहीत धरूनच स्थपतीने येथे हात सैल सोडलेला दिसतो. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातील ऑक्सबर्ग हॉल (परवाना १४८२) याचे विटांचे प्रवेशगृहही असेच : आकार गढीचा, हेतू मालकाचा दर्जा दाखविण्याचा.

ब्रिटिशकालीन वर्णनांत या दरवाजास ‘उत्तरकालीन पठाण शैली’चा उत्तम नमुना म्हटले आहे. हे नाव दिशाभूल करणारे आहे. त्याची घडण दिल्लीपेक्षा दख्खनच्या बहमनी परंपरेतून समजून घ्यावी लागते. फिरिश्त्याच्या मते फतहुल्ला हा मूळचा विजयानगरच्या मुलखातील ब्राह्मणकुळातला. परंतु येथील कमळांचा अर्थ केवळ त्यावरून लावणे घाईचे ठरेल, कारण बहमनी इमारतींत कमळ सर्रास आढळते. अधिक बोलका पुरावा कालाचा आहे. महमूद गावानच्या वधानंतर (१४८१) बीदरची सत्ता खिळखिळी झाली होती आणि १४९० मध्ये फतहुल्लाने वऱ्हाडात स्वतंत्र इमादशाही स्थापिली. त्यापूर्वी तीनच वर्षे आधीच्या या लेखात नाव सुलतानाचे आहे. इमारतीचा थाट मात्र सुभेदाराला शोभण्यापलीकडचा आहे.

ज्या मऊ दगडामुळे हे कोरीवकाम शक्य झाले, त्याच दगडामुळे ते झिजण्याचा धोका अधिक आहे. बेसाल्टच्या तटाचे चिरे निखळले तर पुन्हा बसविता येतात. जाळीची एकदा झिजलेली नक्षी किंवा लेखातील पुसट झालेले अक्षर परत मिळत नाही.